चित्रांतील जवळीक

गेल्या कांहीं वर्षांत हिवाळा लागला, कीं दोन प्रकारचीं छायाचित्रें आमच्या पाहण्यांत हटकून येतात. दिनदर्शिकांवर, प्रदर्शनांच्या भिंतींवर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्यांचीच दाटी असते. पहिल्या प्रकारचीं चित्रें हिमाचलांतील स्पितीकडचीं. बर्फानें भरलेला उतार, आणि त्यावर भरल नांवाचा निळसर करड्या रंगाचा डोंगरी मेंढा, बाहेरच्या अंगास वळून मागें झुकलेल्या भक्कम शिंगांचा. दुसऱ्या प्रकारचीं चित्रें आमच्याच वाशीम जिल्ह्यांतलीं, कारंजा-सोहोळच्या माळावरचीं. पिंवळें पडलेलें गवत, सकाळचें धुकें, आणि त्यांत मान ताठ करून उभा असलेला पीळदार शिंगांचा काळवीट. एक प्राणी तीन-चार हजार मीटर उंचीवर कड्यांच्या आधारानें राहणारा, दुसरा सपाट माळावर केवळ आपल्या डोळ्यांच्या आणि पायांच्या भरंवशावर जगणारा. जात निराळी, हवा निराळी, भूमि निराळी. तरीहि हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर तीं एकाच हातानें काढल्यासारखीं दिसतात! प्राणी चौकटीच्या मध्यावर, डोळा लखलखीत, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा, आणि मागचें सर्व जग विरघळून गेलेलें. बर्फ आणि गवत यांच्यांत फरक उरतो तो केवळ रंगाचा.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत एका स्तंभशीर्षावर चार हरिणें कोरलेलीं आहेत, आणि त्या चौघांना मिळून मस्तक एकच आहे. कोणत्याहि अंगाकडून पाहावें, मस्तक त्याचेंच वाटतें. वॉल्टर स्पिंक यांच्या मतें हें लेणें वाकाटक हरिषेणाच्या काळचें. म्हणजे आमच्या वाशीमच्या, त्या वेळच्या वत्सगुल्माच्या, राजवटींतलें. शिल्पकारानें ती एक गंमत केली होती. आमच्या छायाचित्रकारांनीं मात्र ती फारच गांभीर्यानें घेतलेली दिसते. त्यांनीं भरल आणि काळवीट या दोघांस एकच मस्तक दिलें आहे, आणि अंगें तर कोणासच ठेवलेलीं नाहींत.

हें साम्य कोठून येतें आणि तें कितपत स्तुत्य आहे, याचा विचार आपल्या टीकावाङ्मयांत क्वचितच आढळतो. छायाचित्र म्हटलें, कीं आपले टीकाकार तें यंत्राच्या स्वाधीन करून मोकळे होतात. आम्हांस तसें करणें योग्य वाटत नाहीं. हजारों लोक जी कला आवडीनें पाहतात, आणि जिच्यावरून रानाविषयींचीं आपलीं मतें बनवितात, तिला कांहीं कसोटी नको काय?

चित्रकारांच्या कष्टांविषयीं आमच्या मनांत किंतु नाहीं. स्पितीच्या हिवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो, श्वास जड होतो, बोटें बधिर होतात. त्यांतून भरल असा, कीं संकटाची शंका आली आणि जवळ आडोसा नसला तर जागच्या जागीं निश्चल उभा राहतो, आणि त्याचा रंग खडकाशीं इतका एकजीव होतो, कीं समोर असूनहि तो दिसूं नये. असा प्राणी शोधून काढून त्याचें स्वच्छ चित्र घेणें हें येरागबाळ्याचें काम नव्हे. परंतु कष्टांवरून कृतीची किंमत ठरत नसते. महाकाव्य लिहिण्यास नाटिकेपेक्षां अधिक श्रम पडतात, म्हणून वाईट महाकाव्य चांगल्या नाटिकेहून श्रेष्ठ ठरत नाहीं. पाहावयाचें तें हें, कीं या चित्रांचा मुख्य गुण म्हणून जो वाखाणला जातो, तो काय आहे? तो गुण म्हणजे जवळीक. "अगदीं हात लावावा इतका जवळ!" हा उद्गार अशा प्रदर्शनांतून किती वेळां ऐकूं येतो! आमचा सारा प्रश्न या जवळिकीविषयींच आहे. रानांतला प्राणी माणसाच्या जवळ येतो, तो कोणाच्या तरी पुण्याईनें. चित्रांत दिसणारी जवळीक कोणीं मिळविली, तिचें मोल कोणीं दिलें, आणि त्या देणाऱ्याचा मागमूस चित्रांत आहे कीं नाहीं, ही आमच्या मतें या कलेची खरी कसोटी होय.

हा भेद आम्हीं नव्यानें काढलेला नाहीं. कालिदासास तो पक्का ठाऊक होता. शाकुंतलाच्या आरंभीं दुष्यंत ज्याच्या पाठीस लागला आहे तो कृष्णसार, म्हणजे आमचा काळवीटच. त्या पळणाऱ्या जिवाचें वर्णन संस्कृत वाङ्मयांत इतकें गाजलेलें आहे, कीं आम्हीं त्याची पुनरुक्ति करण्याचें कारण नाहीं. पण त्याच अंकांत, थोडें पुढें, दुसरींहि हरिणें आहेत, आणि त्यांच्याकडे रसिकांचें लक्ष सहसा जात नाहीं. तापसांनीं हात वर करून राजास थांबविलें. रथ आश्रमाच्या दिशेनें निघाला. आणि राजा सारथ्यास सांगूं लागला, कीं हें तपोवन आहे हें न सांगतां कशावरून ओळखावें. त्या खुणांत एक खूण अशी, कीं येथलीं हरिणें रथाचा आवाज ऐकूनहि आपली चाल मोडीत नाहींत, कारण त्यांना विश्वासाची संवय झालेली आहे. एकाच अंकांत हीं दोन दर्शनें! पहिलें हरिण राजाला घोड्यांच्या वेगामुळें जवळचें झालें. दुसरीं कण्वाच्या आश्रमानें वर्षानुवर्षें राखलेल्या शिस्तीमुळें. पहिल्या वेळीं राजाच्या हातांत धनुष्य होतें. दुसऱ्या वेळीं त्याला रथांतून उतरावेंसें वाटलें, आणि आपला राजवेष उतरून ठेवावासा वाटला. कवीनें यावर भाष्य केलेलें नाहीं. त्याला त्याची जरूरहि नव्हती.

याखेरीज जवळ जाण्याची तिसरी एक रीत आहे, आणि ती आमच्या वऱ्हाडांतच पिढ्यान्पिढ्या चालत आलेली होती. गाय-पारधी म्हणून जे ओळखले जात, ते शिकवून तयार केलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशानें, तो चरत चरत पुढें सरकेल तसे सरकत, काळविटांच्या कळपापर्यंत पोंचत. हरिणाला बैल दिसे, बैलामागचा माणूस दिसत नसे. आजचें टेलिफोटो भिंग आम्हांस त्या बैलाचाच वंशज वाटतें. फरक इतकाच, कीं पारध्याला हरिणाचें मन वाचावें लागे. वारा कोणीकडचा, कळपांतली म्हातारी मादी कोठें उभी आहे, नर आपली जागा राखीत लेंड्यांच्या कोणत्या ढिगापाशीं पुन्हां पुन्हां येतो, हें सर्व त्याला ठाऊक असावें लागे. भिंगाला यांतलें कांहींच ठाऊक असण्याची गरज नाहीं. ज्या जमातीपाशीं हें ज्ञान होतें, तिच्यासारख्या जमातींना १८७१ सालच्या कायद्यानें जन्मजात गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी झाली, आणि तो कायदा १९५२ पर्यंत पुसला गेला नाहीं, हा त्यांतला दैवदुर्विलास! आज फासेपारध्यांपैकींच कांहीं मंडळी या भागांत गवताळ रानें राखण्याच्या कामीं पुढें आलेलीं आहेत. छायाचित्रांच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख असलाच, तर 'स्थानिक वाटाड्या' या दोन शब्दांत तो आटोपतो. मारुती चितमपल्ली यांच्या लिखाणांत रानाची माहिती ज्यांच्यापासून मिळाली त्यांचें ऋण कसें मोकळेपणानें मान्य केलेलें असतें, हें आठवलें म्हणजे ही उणीव अधिकच जाणवते.

सुसान सोंटॅग यांनीं १९७७ सालच्या आपल्या छायाचित्रणावरील निबंधग्रंथांत असें दाखविलें आहे, कीं आफ्रिकेच्या रानांत बंदुकीची जागा कॅमेऱ्यानें घेतली, ती सृष्टीविषयींचें भय संपून तिच्याविषयींची काळजी सुरू झाली म्हणून. विचार मार्मिक आहे, पण आम्हांस तो अपुरा वाटतो. बंदूक खालीं ठेवली एवढ्यानें शिकाऱ्याची वृत्ति खालीं ठेवली जाते असें नाहीं. शिकारी भिंतीवर शिंगें टांगीत असे, तींहि धडावांचूनच.

याउलट उदाहरण पाहावयाचें तर एफ. डब्ल्यू. चॅंपियन यांचें आहे. हे संयुक्त प्रांतांतील जंगलखात्याचे अधिकारी. त्यांचें 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हें पुस्तक १९२७ सालीं निघालें. त्यांची युक्ति अशी, कीं वाघाच्या रोजच्या वाटेवर एक तार ताणून ठेवावयाची. वाघाचा पाय तिला लागला, कीं प्रकाश पडून चित्र उमटे. म्हणजे वाघ आपलें चित्र आपणच घेई! त्या चित्रांत आजच्यासारखी सफाई नाहीं, मागें नुसता काळोख आहे. परंतु तो प्राणी आपल्या वाटेनें, आपल्या वेळीं, आपल्या कामासाठीं चाललेला आहे, ही खात्री त्या प्रत्येक चित्रांत आहे. कोणीं त्याला हांकलेलें नाहीं, आणि कोणाकडे तो पाहतहि नाहीं. जिम कॉर्बेट यांनीं आपण कॅमेऱ्याकडे वळलों त्याचें श्रेय चॅंपियन यांच्या चित्रांस दिलें आहे, तें उगाच नव्हे.

आतां पुन्हां डोंगरी मेंढ्यांकडे येऊं. हिवाळ्यांतील भरलांविषयीं इंग्रजींत जें उत्तम वाङ्मय आहे, तें एका छायाचित्रामुळें झालेलें नाहीं, तर एका शंकेमुळें झालेलें आहे. भरल ही मेंढी कीं बकरी? जॉर्ज शॅलर हे प्राणिशास्त्रज्ञ आणि पीटर मॅथिसन हे कादंबरीकार १९७३ च्या शरदांत नेपाळांतील डोल्पो प्रांतीं शे येथील मठापर्यंत पायीं गेले, तें भरलांचा माजाचा काळ पाहण्यासाठीं. तो काळ हिवाळ्याच्या तोंडाशीं येतो. त्या प्रवासावर मॅथिसन यांनीं 'द स्नो लेपर्ड' हें पुस्तक लिहिलें, तें १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. शॅलर यांचा 'माउंटन मोनार्क्स' हा शास्त्रीय ग्रंथ त्याच्या आदल्या वर्षींचा. मॅथिसन यांच्या पुस्तकाची सर्वत्र जी वाखाणणी होते ती अशी, कीं ज्याच्या नांवानें पुस्तक लिहिलें तो हिमबिबट्या लेखकास शेवटपर्यंत दिसलाच नाहीं, आणि त्या न दिसण्यांतच पुस्तकाचें तत्त्वज्ञान आहे. आम्हांस हें मत एकांगी वाटतें. बिबट्या दिसला नाहीं हें खरें. पण भरल तर दररोज दिसत होते! पुस्तकाचा जो भाग आम्हांस पुन्हां पुन्हां वाचावासा वाटतो, तो त्या न दिसलेल्या श्वापदाचा नव्हे, तर समोरच्या उतारावर चरणाऱ्या, झुंजणाऱ्या, एकमेकांना हुंगणाऱ्या या साध्या कळपांचा होय.

त्या शंकेचें उत्तर कसें मिळालें, हें आमच्या विषयास फार उपकारक आहे. भरलाचें तोंड कितीहि जवळून पाहिलें असतें, तरी तें मिळालें नसतें. चेहरा, अंगलट पाहून तर लोक त्याला मेंढीच म्हणत आले होते. शॅलर दुरून, तासन् तास, संबंध कळप पाहत बसले. नर मागच्या दोन पायांवर उभे राहून एकमेकांवर कसे कोसळतात, माद्यांपुढें कसे वागतात, हें त्यांनीं टिपून ठेवलें. आणि त्यावरून त्यांनीं असा निर्णय दिला, कीं हा प्राणी वागणुकीनें बकऱ्यांच्या अधिक जवळचा आहे. म्हणजे ज्याला आपण चित्राखालीं बिनदिक्कत 'निळी मेंढी' म्हणून छापतों, तो धड मेंढीहि नव्हे. आणि हें कळलें तें अंतर राखल्यामुळें.

आणखी एक गोष्ट मॅथिसन नमूद करतात, तिच्यासाठीं आम्ही त्यांचे विशेष ऋणी आहों. शेच्या परिसरांत हत्या करण्यास तेथील लामाची मनाई होती, आणि म्हणून तेथले भरल इतर ठिकाणच्यासारखे माणसास बुजत नसत. कण्वाचा आश्रमच हा! दोन परदेशी माणसांस जें इतकें निवांतपणें पाहतां आलें, तें एका मठानें आधींच कमावून ठेवलेलें होतें. राजस्थानांतील बिष्णोईंच्या गांवांत काळवीट शेतांतून निर्धास्त हिंडतात, त्याचेंहि कारण हेंच. आजच्या स्पितींतहि तोच प्रकार आहे. किब्बरच्या ग्रामस्थांनीं म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या सहकार्यानें आपल्या कुरणांचा कांहीं भाग गुरांपासून मोकळा ठेवला. त्यानंतर तेथें भरल वाढले. आपल्या जनावरांच्या तोंडचा चारा त्यांनीं या रानटी जनावरांस दिला. दिनदर्शिकेवरचा तो बर्फांतला मेंढा इतका धष्टपुष्ट कां, याचें अर्धें उत्तर त्या गांवाच्या ठरावांत आहे. चित्रांत मात्र गांव नाहीं, कुरण नाहीं; आहे तो डोळा.

आणि आमच्या जिल्ह्यांत? येथें लामा नाहीं, कण्व नाहीं. कारंजा-सोहोळचें अभयारण्य २००० सालीं जाहीर झालें. क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर. कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीचें अभयारण्य त्याहून जुनें, परंतु सव्वादोन चौरस किलोमीटरांचें, हें लक्षांत घेतलें तर आमचें रान मोठेंच म्हणावयाचें. पण काळविटाला राजपत्र वाचतां येत नाहीं. मार्गशीर्ष-पौषांत माळावरचें गवत वाळून त्याचीं कुसळें होतात, आणि रानाच्या कडेलाच हरभरा हिरवागार, कोंवळ्या शेंड्यांचा उभा असतो. मग कळप कोठें जाईल, हें सांगण्यास ज्योतिषी नको. ज्या हरभऱ्यावर घाटे धरावयाचे, त्याचे शेंडे एका रात्रींत खुडले जातात. जें खाल्लें जातें त्याहून अधिक पायांखालीं जातें. काळविटाच्या जोडीला रोही आणि रानडुकरें आहेतच. तेव्हां ऐन थंडींत शेतकरी मचाणावर घोंगडी पांघरून जागल करतो, डबे वाजवितो, ऐपत असली तर कुंपणाला झटका यंत्र बसवितो. सरकारी भरपाईची तरतूद आहे. तिच्यासाठीं अर्ज आहे, पंचनामा आहे, आणि वाट पाहणें आहे. काळवीट १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींतला, म्हणून त्याला हात लावतां येत नाहीं, आणि लावूंहि नये. आमचें म्हणणें एवढेंच, कीं कण्वानें आणि लामानें जें आपखुषीनें दिलें, तें आमचा चार एकरांचा शेतकरी अर्धें राजीखुषीनें आणि अर्धें नाइलाजानें देत आहे, आणि तेंहि दर हिवाळ्यांत. धुक्यांतला तो ताठ मानेचा नर त्याच्या हरभऱ्यावर पोसलेला आहे.

छायाचित्रकार पहांटे मोटारीनें येतो. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यापासून तर त्याला हें रान अगदींच हाताशीं आलें आहे. तो सूर्य पाठीशीं घेतो, शेत डावीकडे सोडतो, मचाण उजवीकडे सोडतो, आणि मधल्या कोनांतून नेमका तेवढाच काळवीट उचलतो. वाईट हेतूनें नव्हे; त्याला तसेंच शिकविलें गेलें आहे. मागची तार, खांब, नांगरट यांना त्याच्या परिभाषेंत 'अडथळा' म्हणतात. वास्तविक त्या चित्रांतलें सर्वांत बोलकें असें जें कांहीं, तें हाच अडथळा असतो. प्राण्यानें आपणहून जवळ यावें म्हणून थांबण्यास वेळ नसला, तर मोटार माळावर घालून कळप पळविण्यासहि कोणी कोणी कमी करीत नाहींत. पळणारीं हरिणें चित्रांत शोभून दिसतात! भरलाच्या बाबतींत तर हा खेळ अधिकच निर्दयपणाचा होतो. हिवाळ्यांत त्याला मिळतें तें बर्फाखालचें वाळकें गवत. त्यावर जी तुटपुंजी शक्ति जमते, तिच्यावर त्याला वसंतापर्यंत दिवस काढावयाचे असतात. एका चित्रासाठीं त्याला कड्यावर चढावयास लावणें म्हणजे त्याच्या शिदोरींतला घांस काढून घेणें होय.

येथें कोणी म्हणेल, कीं चित्रकार हा सौंदर्याचा उपासक. त्याला शेतकऱ्याच्या हिशेबाशीं काय कर्तव्य? कवि कमळाचें वर्णन करतो तेव्हां चिखलाचें करीत नाहीं. आम्ही या आक्षेपाची बूज राखतों, परंतु तो येथें लागू पडत नाहीं. कवीचें कमळ हें कवीचें असतें. तें पाहून कोणी तळ्याविषयीं आपलें मत बनवीत नाहीं. छायाचित्राची गोष्ट तशी नाहीं. तें साक्षीदार म्हणून उभें राहतें, आणि लोक त्याची साक्ष खरी मानतात. निर्मनुष्य माळावर एकटा उभा असलेला देखणा काळवीट ज्यानें शंभर वेळां पाहिला, त्या शहरी माणसाच्या मनांत रान म्हणजे माणूस नसलेली जागा अशी समजूत रुजते. आणि मग वर्तमानपत्रांत हरभऱ्याच्या नुकसानीचें वृत्त आलें, कीं त्याला शेतकरी आक्रस्ताळा वाटतो. साक्षीदारानें अर्धें सांगावें आणि तें सुंदर शब्दांत सांगावें, ही कांहीं सौंदर्याची उपासना नव्हे. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. अशा चित्रांमुळेंच लोकांना प्राण्यांचा लळा लागतो, आणि लळा लागला तर रानें वांचतील. हें काहीं अंशीं खरें आहे, हें आम्हांस नाकबूल नाहीं. पण कळपाशीं, गवताशीं, हंगामाशीं ज्याचा संबंध तोडला, त्या डोळ्याचा लागलेला लळा त्या गवतापर्यंत पोंचेल कसा? आमच्या माळांची आज जी आबाळ चालली आहे, ती त्यांवर काळवीट आहेत हें कोणास ठाऊक नाहीं म्हणून नव्हे, तर माळ म्हणजे पडीक जमीन अशी समजूत आहे म्हणून. आणि ज्या चित्रांत माळ नुसत्या पिंवळ्या धुरासारखा दिसतो, तीं या समजुतीस धक्का देत नाहींत.

आमच्या पाहण्यांत अशाच एका प्रदर्शनांत एक चित्र आलें होतें, तें कोपऱ्यांत लावलेलें होतें आणि त्यापुढें फारसें कोणी थांबत नव्हतें. वरच्या तृतीयांशांत गवताची रेघ, तिच्यावर बोटाएवढीं अकरा-बारा हरिणें, त्यांतला एक काळा नर मान वळवून पाहत असलेला. खालीं सारा हरभरा, आणि त्यावर इतकें दंव, कीं पान पांढरें दिसावें. डाव्या कडेला चार वाशांचें मचाण. त्यावर पाठमोरा, घोंगडी पांघरलेला एक माणूस. त्याचा चेहरा दिसत नाहीं, म्हणून तो रागावला आहे कीं नुसता पाहत आहे हें कळत नाहीं. हरिणें किती दूर आहेत हें मात्र नीट कळतें. एक ओरड घातली तर ऐकूं जाईल इतकीं. आणि तो ओरडलेला नाहीं. चित्र थोडें हललेलें आहे, क्षितिज किंचित् कललेलें आहे. परीक्षकांनीं त्याला कांहीं दिलेलें नव्हतें, आणि त्यांच्या नियमांप्रमाणें तें बरोबरच असेल. चित्राखालीं कॅमेऱ्याचें नांव, भिंगाची लांबी आणि प्रकाशमानाचे आंकडे बारीक अक्षरांत छापलेले होते. शिवार कोणतें, तें दिलेलें नव्हतें.